हिरडीच्या नाल्यातली नोंद

"नाही काका. यातही नाही."

नीतूनं भिंगावरचा डोळा काढला, पांढऱ्या ट्रेमधलं पाणी नाल्यात ओतलं आणि अवघडलेली मान दोन्ही हातांनी दाबली. सकाळपासूनचा हा सातवा ट्रे होता. डिसेंबरातल्या दोन खेपांचे ट्रे वेगळेच. हिरडीच्या नाल्याला आता जानेवारीअखेर घोट्याएवढं पाणी उरलं होतं, तेही डबक्या-डबक्यांत. दगडांवरचं शेवाळ वाळून करडं पडत चाललं होतं. अजून पंधरा दिवसांनी इथे ट्रेपुरतंही पाणी मिळालं नसतं.

"पाहू ना आखीन एक," शालीकराम म्हणाला. "त्या मोठ्या दगडाच्या खालून शेवाळ काढून आनतो. तिथं सावली आहे."

"तोच दगड तर दोनदा पाहिला." नीतूनं मांडीवरची जुनी वही उघडली. फील्डवर जाताना न्यायची ही वही; दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं पान इतक्यांदा उघडलं होतं की त्याचे कोपरे कापडासारखे मऊ झाले होते. "उंबराच्या मुळाजवळ, मोठा काळा दगड, उत्तरेची बाजू. सगळं तेच आहे काका. मग गेला कुठे?"

शालीकरामनं ट्रे पुन्हा विसळला. कुठे गेला, हे त्याला माहीत होतं. तो कुठे गेलाच नव्हता. तो या नाल्यात कधी राहतच नव्हता.

ज्याला ही दोघं शोधत होती तो जीव खसखशीच्या दाण्याएवढा. खेकडा आणि झिंगा यांच्या गणगोतातला, पण इतका दूरचा की लग्नपत्रिकासुद्धा जाणार नाही. विज्ञानात त्याला कोपेपॉड म्हणतात. त्याच्या हजारो जाती आहेत आणि त्यांतली ही एक जात फक्त दक्षिणेकडच्या डोंगरी ओढ्यांत सापडते, असं समजलं जात होतं. मग कॉलेजच्या हरिणखेडे सरांना ती प्रतापगडाच्या पायथ्याशी, मोहझरी नावाच्या झऱ्यात मिळाली. आणि दोन वर्षांपूर्वी नीतू रहांगडाले या त्यांच्या विद्यार्थिनीला ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चोरखमाऱ्याच्या बाजूला, या हिरडीच्या नाल्यात मिळाली. तीन नमुने. एका ओढ्यात सापडला तर तो योगायोग असतो, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ओढ्यांत सापडला की त्याचा सिद्धांत होतो. नीतूचा निबंध छापून आला. पीएच.डी.च्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्या तीन नमुन्यांवर उभं राहिलं, आणि खरं सांगायचं तर बाकीचा प्रबंध त्या चौथ्या प्रकरणावर.

प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकानं मात्र एका ओळीत विचारलं होतं: एक दिवस, एक डबकं, तीन नमुने, पुन्हा सापडतो का ते दाखवा. मुदत फेब्रुवारीअखेर. नीतूच्या नोंदणीची वाढवून घेतलेली मुदतही मार्चमध्ये संपत होती. ती एकतीस वर्षांची होती. तिरोड्याकडच्या एका कॉलेजात तिची जागा जवळजवळ ठरली होती, फक्त नावापुढे डॉक्टर लागायचं होतं.

शालीकराम कापगते हा त्याच कॉलेजात प्रयोगशाळा परिचर. येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायचा. बत्तीस वर्षं त्यानं बरण्या पुसल्या, स्लाइडा धुतल्या, पूर्वी बोडीवरून, म्हणजे छोट्या तळ्यावरून, बेडूक पकडून आणले आणि बेडकांवर बंदी आल्यावर पाण्याचे नमुने आणले. घराणं कोहळ्यांचं, पिढीजात तलाव बांधणाऱ्यांचं. खापरपणजोबांनी अख्खे तलाव बांधले, मातीच्या बांधांच्या पाळी घातल्या, पाट काढले, आणि त्यांच्या वंशातला हा माणूस ड्रॉपरनं थेंब मोजत बसायचा. ही थट्टा त्याची बायको धुरपताबाई करायची आणि तिच्या तोंडून ती त्याला आवडायची. गावातले लोक किडेवाला म्हणायचे, ते आवडायचं नाही.

धुरपताबाईनं एकदा गॅदरिंगच्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. काचेवर मादी होती, शेपटीशी अंड्यांची पिशवी घेतलेली. "अवो माय, हे त पोटुशी आहे," ती डोळा न काढता म्हणाली. "हिले कायले काचेवर झोपवलं जी? जाऊ द्या ना तिले घरी." प्राध्यापक मंडळी हसली. शालीकरामही हसला, पण सगळे गेल्यावर त्यानं तो थेंब परत बरणीत सोडला.

शिकला तो दहावीपर्यंत. तरी पाण्याच्या थेंबात कोण झटके देत पळतं, कोण तळाला घासत जातं, कोण गिरकी घेतं, हे पाहून तो नावं सांगायचा, आणि सर मग पुस्तक काढून तेच नाव ठरवायचे. त्याचा खरा अभिमान मात्र जाळी धुण्याचा. रेशमी कापडाची ती नरसाळ्यासारखी जाळी, जिच्यातून बादलीभर पाणी गाळलं की तळाच्या कुपीत सगळे जीव जमतात. दरवर्षी जुलैमध्ये नव्या पोरांपुढे तो ती हातात धरून उभा राहायचा. "एका नाल्याची जाळी दुसऱ्या नाल्यात तशीच टाकाल, त नाला खोटं बोलते," तो सांगायचा. "तीनदा उलटी करून धुवाची, झटकाची, वाळवाची. मग पुढचा नाला." बत्तीस वर्षांत त्याचा हा नेम एकदाच मोडला.

तो दिवस दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला. धुरपताबाई गोंदियाला दवाखान्यात होती, आठ दिवस झाले होते. मूत्रपिंडं कामातून गेली होती. शालीकरामची बहीण निर्मलाबाई तिच्याजवळ बसायची. त्या दिवशी आधी मोहझरी आणि दुपारनंतर हिरडी असे दोन नाले एकाच जीपमध्ये करायचे होते. मोहझरीचं काम उरकलं, नीतू बाटल्या घेऊन जीपकडे गेली, शालीकराम जाळी धुवायला वाकला, तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, वहिनी तुह्य नाव घेऊन राहिली," निर्मलाबाई म्हणाली. "तू ये."

"येतो," तो म्हणाला, आणि ओली जाळी तशीच गोळा करून पोत्यात कोंबली.

पण गेला नाही. का गेला नाही, याची त्यानं पुढे स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. असे फोन आधी तीनदा आले होते आणि तिन्ही वेळा ती संध्याकाळी उठून बसली होती. जीप भाड्याची होती. नीतूचं काम अर्ध्यावर सोडायचं कसं. सगळी कारणं खरी होती. त्यांच्या खाली आणखी एक होतं ते असं, की त्याला तो वॉर्ड सहन होत नव्हता. तिचे सुजलेले पाय, तो वास, आणि तो आला की तिनं त्याच्याकडे असं बघायचं की जणू तो काही तरी करू शकेल. नाल्याच्या पाण्यात उभं राहिलं की यातलं काही नसायचं. म्हणून तो नाल्यावर गेला.

हिरडीला पोत्यातून जाळी काढली तेव्हा ती ओलीच होती. काठाला मोहझरीच्या हिरव्या शेवाळाचा एक तुकडा चिकटला होता. शालीकरामनं तो पाहिला. हातानं काढून टाकला आणि जाळी तशीच पाण्यात घातली.

धुरपताबाई चार वाजता गेली. तो सात वाजता पोचला. फोन लागला नसेल, नाल्याकडे रेंज कुठली, असं लोकच एकमेकांना सांगत होते. त्यानं कुणाचं खोडून काढलं नाही. निर्मलाबाईनंही चारचौघांत तोंड उघडलं नाही, पण त्या दिवसापासून ती त्याच्या घरी जेवली नाही.

मग महिन्याभरानं नीतूनं सांगितलं, त्या दिवशीच्या हिरडीच्या बाटलीत तो जीव सापडला. तीन. ते तीन कुठून आले असतील हे शालीकरामला क्षणात कळलं. सांगावं म्हणून तो दोनदा तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. पण जाळी का धुतली नाही हे सांगायचं तर फोनचं सांगावं लागणार होतं. आणि हळूहळू त्याच्या मनानं एक वेगळाच हिशेब मांडला, की त्या दिवसानं आपल्याकडून एवढं घेतलं, तर काही तरी दिलंही. निबंध छापून आला तेव्हा शेवटच्या परिच्छेदात त्याचं नाव होतं. नीतूनं त्याला ती ओळ मराठीत करून सांगितली: शालीकराम कापगते यांच्या चिकाटीशिवाय हे नमुने मिळाले नसते. त्यानं त्या पानाची झेरॉक्स काढली आणि घरी धुरपताबाईच्या फोटोच्या चौकटीत मागच्या बाजूनं सरकवून ठेवली. ती येऊन वाचणार नव्हती, तरी ठेवली.

तेव्हापासून एक गोष्ट बदलली होती. फील्डवर जाळी नीतू स्वतः धुवायला लागली. "राहू द्या काका, मी करते," म्हणायची. म्हातारा झालो म्हणून दया करते, असं शालीकरामला वाटायचं, आणि ते त्याला लागायचं.

"सरांना फोन करून येते," नीतू आता म्हणाली. "वर पाळीवर रेंज येते. काय सांगू काका त्यांना? सर म्हणतात, एक सापडला तरी पुरे. एक."

"सांग, शोधून राहिलो म्हनून."

ती चप्पल हातात घेऊन चढ चढून गेली. जीपचा ड्रायव्हर सीट मागे पाडून झोपला होता. शालीकरामनं आपली कापडी पिशवी जवळ ओढली. आत ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली लिटरची बाटली होती. पहाटे उठून, सायकलनं गावाजवळच्या मोहझरीला जाऊन त्यानं ती भरून आणली होती. रात्रभर झोप नव्हती आणि पहाटे सायकल काढली तेव्हाही त्यानं स्वतःला नीट विचारलं नव्हतं की आपण काय करायला चाललो आहोत. पोरीचं वर्ष वाचवायचं, एवढंच तो मनात घोकत होता. ते खरं होतं. चौकटीमागचा कागद खरा ठेवायचा होता, हेही खरं होतं.

त्यानं हिरडीच्या पाण्यानं ट्रे अर्धा भरला. मग बाटलीचं झाकण काढलं आणि तळाचं थोडं पाणी जाळीतून न गाळता तसंच ट्रेमध्ये ओतलं. घाईत ठरवल्यापेक्षा जास्त ओतलं गेलं. बाटली पिशवीत, पिशवी दगडामागे.

नीतू परत आली आणि हातातली चप्पल काठावर टाकली. सर काही तरी बोललेले दिसत होते.

"हा पाहून घे बेटा," शालीकराम म्हणाला. "दगडाच्या खालचं आहे."

ती ट्रेवर वाकली. भिंग डोळ्याला लावलं. शालीकराम तिच्या खांद्याकडे बघत राहिला. आता ती ओरडेल, असं त्याला वाटलं. पहिल्यांदा सापडला तेव्हा ती लॅबमध्ये खुर्चीवर चढून ओरडली होती, असं त्यानं ऐकलं होतं.

नीतू ओरडली नाही. तिनं भिंग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं, परत आणलं. मग ड्रॉपर घेतला, तळातून काही तरी उचललं, तळहातावर थेंब सोडला आणि उन्हाकडे धरला.

"अकरा आहेत काका," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "सकाळपासून शून्य. आता एका ट्रेमध्ये अकरा."

"मंग चांगलंच झालं ना."

"आणि ही मसूर आहे."

तिनं हात पुढे केला. तळहातावरच्या थेंबात तांबूस, दोन शिंपांत मिटलेला एक ठिपका होता. तोही कवचधारीच, वेगळ्या कुळातला. मसुरीच्या डाळीसारखा दिसतो म्हणून शालीकरामनंच त्याला मसूर नाव ठेवलं होतं, आणि विभागात सगळे तेच म्हणत. मसूर मोहझरीत मूठमूठ मिळायची. हिरडीत कुणी कधी पाहिलेली नव्हती. हे त्याच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं, आणि पहाटे अंधारात बाटली भरताना नेमकं तेच त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

शालीकराम खाली बसला.

"बाटली कुठे आहे?" नीतूनं विचारलं.

त्यानं दगडामागे बोट दाखवलं. तिनं पिशवी आणली, बाटली काढली, ट्रे तिरका करून सगळं पाणी बाटलीत परत ओतलं, झाकण घट्ट लावलं. एक थेंब नाल्यात पडू दिला नाही. हे करताना ती रागावलेली दिसत नव्हती, आणि त्याची शालीकरामला जास्त भीती वाटली.

"माहं चुकलं बेटा," तो म्हणाला. "तुह्य वर्ष जाऊन राहिलं, म्हनून."

"काका, मला एक सांगायचं आहे." ती त्याच्यासमोर दगडावर बसली. "त्या दिवशीच्या बाटलीतही मसूर होती. एक. तीन ते आणि एक मसूर. मी यादीत लिहिली नाही. चिमट्यानं उचलली आणि बेसिनमध्ये सोडून नळ चालू केला."

शालीकराम तिच्याकडे बघत राहिला.

"मी बाटली तपासली त्या दिवशी तुमच्या घरी तेरवी होती. तुम्ही रजेवर होता. तुम्हाला कसं विचारणार होती मी? काका, तुमची बायको गेली त्या दिवशी तुम्ही जाळी धुतली होती का, असं? नाही विचारू शकली. मग तुम्ही कामावर आले, तेव्हाही नाही विचारलं. तेव्हा तर विचारायचंच नव्हतं. खरं सांगते."

"म्हनून तू जाळी धुवून राहिली दोन वर्षं?"

"हो."

उंबरावर हिरवे होले आले आणि गेले. नीतूनं काडी घेऊन वाळूत रेघा ओढल्या, पायानं मोडल्या.

"मसूर एखादी हिरडीतही असू शकते," ती शेवटी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "कमी असेल, म्हणून दिसत नसेल. कोपेपॉडचंही तसंच. दोन वर्षांत पाऊस कमी झाला, गेला असेल इथून. परीक्षकाला असं लिहिता येते. सरही म्हणत होते आता, तसं लिही म्हणून. त्याला कोणी खोटं म्हणू शकत नाही काका. कारण पाहिलेलं कोणीच नाही. तुमच्याशिवाय." ती थांबली. "म्हणून आता विचारते. धुतली होती का जाळी?"

तिनं विचारलं ते अशा आवाजात, की हो म्हटलं असतं तर तिनं मान डोलावून वही बंद केली असती, आणि दोघं जीपमध्ये जाऊन बसली असती. शालीकरामला हे स्वच्छ दिसत होतं. पोरगी डॉक्टर झाली असती. चौकटीमागचा कागद जागच्या जागी राहिला असता. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द दोन वर्षं त्याच्या तोंडात तयार होता.

"नोहती धुतली," तो म्हणाला.

म्हटल्यावर हलकं वाटेल असं त्यानं पुष्कळदा ऐकलं होतं. तसं काही झालं नाही. तो दिवस इतके दिवस निदान कशासाठी तरी गेला होता. आता तो कशासाठीच गेला नव्हता. धुरपताबाई तिकडे नाव घेत होती आणि हा इकडे घाण जाळी घेऊन पाण्यात उभा होता, एवढंच उरलं.

"मोहझरीवर मले फोन आला होता," तो पुढे म्हणाला. "निर्मलाचा. म्हने, वहिनी नाव घेऊन राहिली, ये. मी येतो म्हनलं, आन जाळी तशीच पोत्यात टाकली."

नीतूनं आता मान वर केली. "मोहझरीवर? सकाळी?"

"हो."

"आम्हाला तर सगळ्यांनी सांगितलं की तुम्हाला संध्याकाळी कळलं."

"सांगनारे लोक होते. मी चूप राहिलो."

ती उठून नाल्याशी गेली, तोंडावर पाणी मारलं, ओढणीनं पुसलं आणि पुसताना चेहरा जरा जास्त वेळ ओढणीत ठेवला. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मासिकाला पत्र पाठवावं लागेल, की हिरडीची नोंद मागे घेतो. सर खूप बोलतील. चौथं प्रकरण काढायचं म्हणजे शीर्षक बदलेल, म्हणजे पुन्हा समितीपुढे. मार्च काही होत नाही आता." तिरोड्याच्या जागेचं ती बोलली नाही. "पत्रात मी क्षेत्रकामात चूक झाली, एवढंच लिहीन. तुमचं नाव नको."

"नाव लिहा लागते," शालीकराम म्हणाला. "नाहीतर लोक तुह्यी चूक समजतील. माहं नाव छापलं होतं ना तेव्हा चिकाटीसाठी? मंग आता यासाठी छापा."

"तुम्ही मेमध्ये रिटायर होता काका. कायले पाहिजे हे?" रागात किंवा दुःखात असली की तिची शिकलेली भाषा अशी गळून पडायची.

"पाहिजे."

नीतूनं जुनी वही मांडीवर घेतली, तेच मऊ कोपऱ्याचं पान उघडलं. "पत्रासोबत पानाचा फोटो जोडावा लागतो. ज्या दिवशीची चूक, त्या दिवशीच्या पानावर दुरुस्ती, आजची तारीख टाकून. मोहझरीच्या नोंदीखाली जागा आहे." तिनं कानावरची पेन्सिल काढली. "फोनची वेळ आठवते? नसेल तर सकाळी म्हणून लिहिते."

"अकरा दहा."

ती लिहू लागली. अक्षर बारीक होतं. शालीकराम तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, चष्मा नव्हता म्हणून वाकून. तिनं लिहिलं: ११.१०, शालीकराम कापगते यांना घरून फोन. जाळी न धुता ठेवली गेली. आणि पेन्सिल तिथेच थांबली.

कारण खालची ओळ तिचीच होती, दोन वर्षांपूर्वीच्या घाईच्या अक्षरातली. प्रवासात कुठे किती वेळ थांबलो, हे ती नेहमीच टिपून ठेवायची. १२.५०, गोरेगाव. चहा, भजी. अर्धा तास.

गोरेगावच्या फाट्यावरून गोंदियाला दर दहा मिनिटांनी काही ना काही निघतं. पाऊण तासाचा रस्ता. तिनं दोन्ही ओळी पाहिल्या, मग शालीकरामकडे पाहिलं.

"तुम्ही तर काहीच बोलला नाहीत काका," ती हळू म्हणाली. "मी विचारलं होतं, आणखी एक प्लेट सांगू का. तुम्ही हो म्हणाला होते."

"भूक लागली होती," शालीकराम म्हणाला.

नीतूनं ओळीवर हात ठेवला, कुणी बघू नये म्हणून ठेवतात तसा. "हे पान नको पाठवायला. मी वेगळ्या कागदावर लिहिते. वेळ कशाला हवी, जाळीशी तिचा संबंध नाही."

त्यानं तिचा हात मनगटाला धरून पानावरून बाजूला केला. इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदाच असा हात लावला होता. अकरा दहा पुसट उमटलं होतं, खालचं बारा पन्नास ठळक.

"राहू दे, जसं आहे तसं," तो म्हणाला. "पन वरची ओळ जोरात लिही बेटा. पुसून जाईल."

तिनं पेन्सिल धरली आणि त्याच अक्षरांवरून, एकेक करत, पुन्हा फिरवली.